आबांच्या छातीची ऊब

गेल्या आठवड्यात मी राजूरच्या पुढे, आमच्या गावी होते. दोन दिवसांची रजा काढून माहेरी गेले, आणि तिथल्या थंडीने मला जोराचा खोकला झाला... एरवी मी केडगावला राहते, बारावीच्या मुलांना फिजिक्स शिकवते.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझी भावजय स्वाती पोट धरून बसली. आठवा महिना नुकताच लागलेला. जवळच्या सरकारी दवाखान्यात नेलं आणि बघता बघता बाळ झालं... मुलगी. एवढीशी, की सिस्टरच्या ओंजळीत मावली.

रडली, पण आवाज मांजराच्या पिल्लासारखा. डॉक्टर म्हणाले, "हिला काचेच्या पेटीत ठेवावं लागेल. संगमनेरला न्या, लगेच." स्वातीला रक्तस्राव होत होता, तिला हलवणं शक्य नव्हतं. भाऊ तिच्यापाशी थांबला. ॲम्ब्युलन्समध्ये बाळ, सिस्टर, मी आणि माझे वडील, म्हणजे आबा.

घाट लागला. पत्र्याच्या फटीतून बोचरी हवा आत येत होती. सिस्टरने बाळाच्या तळपायांना हात लावला आणि तिचा चेहराच बदलला. "पाय गार पडायला लागलेत..."

गाडीत बाळाला ऊब देण्याची काहीच सोय नव्हती. मी घाईघाईने अंगावरची शाल काढून पुढे केली, "आणखी गुंडाळा ना हिला!" आणि बोलताना माझं मलाच कळलं... शाल उष्णता तयार करत नाही. असेल तेवढी धरून ठेवते. या जिवाकडे धरून ठेवण्याइतकी होती कुठे?

उष्णता गरम वस्तूकडून थंड वस्तूकडे जाते, हे वाक्य मी दरवर्षी फळ्यावर लिहिते. त्या घाटात ते माझ्या डोळ्यांसमोर घडत होतं. अंगावर चरबी नाही, कातडी कागदासारखी पातळ. बाळाची उष्णता हवेत चालली होती आणि तिला थांबवणारं कुणी नव्हतं.

"आई बरोबर नाही, तर दुसऱ्या कुणाच्या तरी उघड्या छातीशी धरायचं," सिस्टर म्हणाली. तिच्या एका हातात ऑक्सिजनची नळी होती. "ताई, तुम्ही घ्या." मी पुढे सरकले आणि नेमका खोकला उसळला. तिने लगेच हात आडवा केला. "नको, तुम्ही नको."

मग आम्ही दोघींनी आबांकडे पाहिलं.

आमचे आबा म्हणजे कमी बोलणारा माणूस. पोराबाळांना जवळ घेणं त्यांच्या स्वभावातच नाही. ते मागे सरकले. "मला न्हाई जमायचं. लई बारीक हाय ती. माझे हात हे असे... काही झालं म्हंजी?"

"बाबा, सदरा काढा," सिस्टर म्हणाली.

"आबा, तुमचं अंग गरम आहे आणि तिचं गार," मी म्हणाले. "तुम्ही नुसती धरा. ऊब आपोआप तिच्याकडे जाईल. तुम्हाला दुसरं काही करायचं नाही."

त्यांनी एकवार माझ्याकडे पाहिलं. मग सदरा काढला, बंडी काढली... सिस्टरने बाळ त्यांच्या छातीवर पालथं ठेवलं, डोकं झाकलं आणि वरून शाल, त्यावर आबांची घोंगडी. आबा श्वास घ्यायलासुद्धा घाबरत होते.

आणि तेवढ्यात गाडी थांबली. पुढे उसाचा ट्रॅक्टर वळणावर अडकला होता, दोन्ही ट्रॉल्या आडव्या. ड्रायव्हर खाली उतरून ओरडत होता. रस्ता मोकळा होईना. सिस्टर सारखी घोंगडीखाली हात घालून पाय चाचपत होती. मी तिच्या तोंडाकडे बघत बसले होते.

माझ्या मनात एकच चाललं होतं... ज्या नियमाने हे बाळ गार पडत होतं, त्याच नियमाने ते गरम होणार होतं. ऊर्जा नव्याने निर्माण होत नाही, ती फक्त इकडून तिकडे जाते, रूप बदलते. आबांनी पहाटे खाल्लेली भाकरी त्यांच्या रक्तात ऊब झाली होती, आणि ती ऊब आता त्या इवल्या पाठीपोटात शिरत होती. शिरायलाच हवी होती.

ट्रॅक्टर हलला. गाडी सुटली. थोड्या वेळाने सिस्टरने पुन्हा हात घातला... आणि या वेळी तो लगेच बाहेर काढला नाही. "बाबा," ती म्हणाली, "पाय कोमट लागतायत."

आबांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हात मोकळा नसल्यामुळे ते पुसता येत नव्हतं. मी पदराने पुसलं. आयुष्यात पहिल्यांदा.

संगमनेरच्या डॉक्टरांनी बाळ तपासलं आणि म्हणाले, "अंगातली ऊब टिकवून आणलीत, ते फार बरं केलंत." संध्याकाळी गावाकडून फोन आला, स्वातीचा रक्तस्राव थांबला होता. मी तिथेच बाकावर बसून रडले.

आता स्वाती संगमनेरच्या दवाखान्यात लेकीजवळ आहे. तीच बाळाला छातीशी घेऊन बसते. मधून तिला विश्रांती हवी असते, तेव्हा भाऊ घेतो. आबा दारापाशी हात धुऊन, सदऱ्याच्या गुंड्या सोडून उभे असतात, आणि दर थोड्या वेळाने आत डोकावून विचारतात, "माझी पाळी कवा?"

त्या सिस्टरचं नाव विचारायचंही माझ्याकडून राहून गेलं... पण आमच्या घरात तिची आठवण कायम राहील.