माह्या काळजाची वाकडी पट्टी

तिशीत मी एकदा मेलो होतो. त्याच्यानंतर मात्र तब्येत बरी आहे.

दुष्काळ सरला अन् आमच्या अनसिंगले पहिल्यांदाच मनासारखा कापूस झाला होता. कापसाचं गाठोडं बैलबंडीत टाकताना माह्या छातीत डाव्या बाजूनं अशी कळ निघाली, का मी खालीच बसलो. माही बायको सुभद्रा धावत आली. (तिले जाऊन आता दुसरं वरीस आहे. घरात अजून हाक तिच्याच नावानं निघते.)

"काय झालं?"

"काही नाही. जरासं दुखते."

"तुमचं जरासं मले माहीत आहे. चाला वाशीमले."

वाशीमच्या एका दवाखान्यात तेव्हा नवंच मशीन आलं होतं. तिथल्या कोवळ्या डॉक्टरानं माह्या हातापायाले वायरी बांधल्या, छातीवर थंडगार काहीतरी चोपडलं, अन् मशीनमधून कागदाची पट्टी निघाली. त्यानं पट्टी पाह्यली, मले पाह्यलं, पुन्हा पट्टी पाह्यली.

"हार्ट अटॅक आहे. जागचं हलायचं नाही."

"साहेब, मी स्टँडापासून पायी आलो."

"ते आता विसरा."

(मशीन शिकलेलं होतं, मी नव्हतो. गुमान निजलो.)

माहा साळा नामदेव लय हुशार. त्यानं कोणाले न विचारता कामरगावले माह्या बहिणीले तार केली, 'भाऊ सिरीयस, ताबडतोब निघा.' आता, आमच्या इकडं मेल्याच्या तारेत 'मेला' असं कोणीच लिहीत नसे. सिरीयस म्हणजे गेला! बहीण कौसा पांढरं लुगडं नेसून, जीपभर माणसं घेऊन, फाटकापासूनच गळा काढत आली.

"सोन्यासारखा भाऊ गेला वं माय! कधी कोणाले उलटून बोलला नाही वं!"

सुभद्रानं माह्याकडं पाह्यलं. "ही कोणाबद्दल बोलून राह्यली?"

"ऐकू दे," मी म्हटलं. कौसा मले आजवर धोंडा सोडून दुसरं काही म्हणाली नव्हती.

ती आत आली तं मी बशीतून चहा पीत होतो. तिचं रडणं अर्ध्यातच थांबलं.

"तू मेला नाही?"

"नाही अजून."

"मंग मी साऱ्या वाटेनं जीप रडवत आणली, त्याचं काय?"

तेवढ्यात गावाहून सायकलवर माणूस आला. म्हणे, बांबू तोडून ठेवले आहेत, किती वाजता आणता? नामदेव भिंतीकडं तोंड करून उभा राह्यला.

सारे हसले. सुभद्रा हसली नाही, रडलीही नाही. आल्यापासून ती माह्या पायाचा अंगठा धरून बसली होती. जीव तिथूनच पळते, असं तिले कोणीतरी सांगतलं होतं. "तुमी गेले तं मी भांडू कोणासंग?" एवढंच म्हणे.

मशीनवर तिचा भरोसा नव्हता. तिनं मले अकोल्याच्या म्हाताऱ्या डॉक्टराकडं नेलं. तिथंही पट्टी तशीच निघाली. दुसऱ्या दिवशी पुन्हा काढली, पुन्हा तशीच. वाशीमची पट्टी शेजारी ठेवून म्हातारा हसला.

"अटॅकची पट्टी दिवसागणिक बदलते. यांची तशीच्या तशी आहे. काही धडधाकट माणसांची पट्टी मुळातच अशी उमटते, अटॅकसारखी." मंग त्यानं माहा खांदा दाबला. मी "ओय" म्हटलं. "दुखणं हे आहे. गाठोड्यानं खांदा लचकला."

"म्हणजे हे मरत नाहीत?" सुभद्रानं विचारलं.

"एवढ्यात नाही, बाई."

तशी ती रडाले लागली. अशी रडली, का वार्डातले पेशंट उठून बसले.

"अवं, आता काहून रडून राह्यली?"

"आता सवड भेटली."

मले भरून आलं. तिचे डोळे पुसावे म्हणून मी डावा हात उचलला, तं अशी कळ आली, का मी तिच्याहून मोठ्यानं बोंबललो. नर्स मशीन घेऊन धावत आली. रडू सुभद्राचं होतं, अन् तिले डोळे पुसा लागले माह्ये.