देवाने निवडलेली चिप

आज जगात जे काही बिघडलंय, ते पहिल्यावहिल्या पीसीवाल्यांनी प्रोसेसर चुकीचा निवडल्यामुळेच, असं छातीठोक सांगणारा एकच माणूस या पृथ्वीवर आहे आणि तो नेमका लालबागला माझ्या शेजारच्या दारात राहतो. या काकांपुढे मोबाइल अडकतोय म्हणायची सोय नाही. परवा लिफ्ट बंद होती, तर सहा जिने चढेपर्यंत मला ऐकवलं, "अरे, अडुसष्ट हजार नंबरची चिप हजर होती! आणि या गाढवांनी कुठली घ्यावी? पोटात सोळा बिट, दारात आठ! ऐसपैस हॉल आणि आत शिरायला खिडकी! का, तर स्वस्त आणि लगेच मिळते!" अहो, पण माझ्या हातात दहा किलोचं दळण होतं, त्याचं काय?

काकांचा खरा राग मात्र देवावर. तरुणपणी त्यांनी आणि एका मालवणी मित्राने परळच्या खोलीत स्वतःचा कॉम्प्युटर बनवायला घेतला. चिप कुठली, यावर दोघांची जुंपली. शेवटी मित्राने गावी जाऊन ग्रामदेवाला कौल लावला. मूर्तीला चिकटवलेली पाकळी उजवीकडे पडली तर काकांची चिप, डावीकडे पडली तर स्वस्तातली. डावा कौल झाला, असं त्याने येऊन सांगितलं. मशीन बनलं, चार दुकानांत गेलं आणि कुणी विचारेनासं झालं. "देवाला लग्न विचारा, जमीन विचारा! बिट कसले विचारता?" म्हणत काकांनी त्या देवाशी अबोला धरला. मित्राशी गट्टी तशीच, पण त्याच्या गावात आजतागायत पाऊल टाकलं नाही.

गेल्या महिन्यात तो मित्र कायमचा गावी निघाला. निरोप द्यायला मीही काकांबरोबर गेलो.

"आतातरी रवाक येतलंस मा रे?" गावी राहायला ये म्हणून तो पुन्हा पुन्हा विचारत होता. काका आपले नन्नाचा पाढा लावून बसलेले. मला संताप आला, इतका कसला हट्ट! शेवटी मित्राचेच डोळे भरले. "कौल तुझ्याच बाजून पडललो रे. पण ती चिप गावत खंय होती? वाट बघता बघता म्हातारे झालो असतो. म्हणान खोटा सांगलंय."

काका ताडकन उठले. "म्हणजे देवाला कळत होतं? अरे, चाळीस वर्षं मी त्याला नाही नाही ते बोललो!" मग मटकन खाली बसले. "येईन. त्याची माफी मागायला. तुझ्याकडे जेवणार नाही."

परतताना काका बिल्डिंगच्या फाटकाशी थांबले.

"नसतीच मिळाली रे ती तेव्हा," हळूच म्हणाले. "मीही दुसरीच घेतली असती. पण मला एकदा विचारायचं ना त्याने."