काउंटरमागच्या बाई

बाई कॉलेजात समाजशास्त्र शिकवायच्या. तेही पहिल्या वर्षाला, म्हणजे ज्यांना दुसरा कुठला विषय मिळाला नाही अशांना. तरीही त्यांचा वर्ग कधी ओस पडला नाही, कारण बाईंच्या तासाला दांडी मारायची कुणाची छाती नव्हती. त्यांनी चष्म्यावरून नुसतं पाहिलं तरी मागच्या बाकावरची कुजबुज जागच्या जागी विरायची.

समाजाकडे पाहायच्या तीन दृष्टी त्या शिकवत. पहिली अशी की समाज शरीरासारखा असतो. एकेक अवयव आपापलं काम करतो म्हणून सगळं सुरळीत चालतं. दुसरी अशी की समाज ही रस्सीखेच आहे. ज्यांचा जोर जास्त ते बाकीच्यांना ओढत नेतात. आणि तिसरी अशी की माणसं एकमेकांशी कशी वागतात, एकमेकांना काय म्हणून हाक मारतात, त्यातूनच कोण कोण आहे ते ठरत जातं. ही तिसरी सत्राच्या अगदी शेवटी यायची. तोवर परीक्षा डोक्यावर आलेली असे, शिवाय तिच्यावर प्रश्नही क्वचित पडे. बाई ती अर्ध्या तासात उरकून टाकायच्या.

मग बाई निवृत्त झाल्या. भाषणं झाली, फुलं मिळाली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून, परीटघडीची साडी नेसून बाई तयार बसल्या, तर कुठे जायचंच नव्हतं. रिकामं घर खायला उठलं. आठवडाभरात त्यांनी सगळी कपाटं दोनदा आवरली आणि तिसऱ्यांदा आवरायला घेतली तेव्हा त्यांची धाकटी बहीण म्हणाली, "आक्का, माझ्या दुकानात येऊन बस. मलाही मदत होईल."

धाकटीचं दुकान म्हणजे गल्लीतली लाँड्री. पुढे लाकडी काउंटर, मागे इस्त्रीचं टेबल, कपड्यांचे गठ्ठे आणि साबणाचा वास. धाकटीला सगळी गल्ली मावशी म्हणायची. लोक कपडे टाकायला येत आणि काउंटरवर कोपर टेकून तासभर गप्पा छाटत बसत. बाई आल्या आणि या सगळ्याचे बारा वाजले.

त्यांचा तरी काय दोष? कुणी उशिरा कपडे न्यायला आलं की बाई विचारायच्या, "काल का आला नाहीत?" कुणाच्या सदऱ्याचं बटण तुटलेलं दिसलं की म्हणायच्या, "हा निष्काळजीपणा आहे." लोक हात मागे बांधून उभे राहायला लागले. अर्ध्या गल्लीला तर त्यांनीच शिकवलेलं. कोपऱ्यावरचा गॅरेजवाला, चाळिशीचा धिप्पाड गडी, दुकानाची पायरीसुद्धा चढेना. खालूनच पिशवी वर सरकवायचा आणि पळ काढायचा. एके काळी त्याने बाईंच्या तासाला पूर्ण वर्ष मागच्या बाकावर मान खाली घालून काढलं होतं. हळूहळू बाकीचे पलीकडच्या गल्लीतल्या लाँड्रीत जाऊ लागले.

बाईंनी कारणमीमांसा केली, अर्थात शास्त्रशुद्ध. "दुकान म्हणजे शरीर," त्या धाकटीला म्हणाल्या. "मी नवा अवयव आहे. रुळायला वेळ लागणारच."

पंधरवड्याने त्यांचं मत बदललं. "ही सत्तेची ओढाताण आहे. काउंटरच्या आतले आणि बाहेरचे."

"आक्का," धाकटी गठ्ठा बांधता बांधता म्हणाली, "शरीर असू दे नाहीतर ओढाताण, गिऱ्हाईक येईनासं झालंय. हा महिना बघू. नाही जमलं तर तू आपली घरीच बरी. रागावू नकोस."

बाई रागावल्या नाहीत. घाबरल्या. घरी पुन्हा ती कपाटं होती.

त्यानंतर दोन दिवसांनी धाकटीची दाढ ठणकायला लागली. ती दवाखान्यात गेली आणि दुकान बाईंवर पडलं. गॅरेजवाल्याचा पांढरा शर्ट संध्याकाळपर्यंत हवा होता. त्याच्या मुलीच्या शाळेत बक्षीस समारंभ होता. बाईंनी इस्त्री हातात घेतली. कॉलर मनासारखी बसेना म्हणून जरा जास्तच दाबून धरली, आणि इस्त्री उचलली तेव्हा कॉलरच्या टोकाला तपकिरी डाग उठला होता.

गॅरेजवाला आला. नेहमीसारखा पायरीखाली थांबला. बाईंनी शर्ट उलगडून काउंटरवर ठेवला. इतक्या वर्षांच्या नोकरीत त्यांनी भर वर्गात जे वाक्य एकदाही उच्चारलं नव्हतं, ते म्हणायची आता वेळ आली होती.

"चुकलं माझं," बाई म्हणाल्या. "तुमचा शर्ट मी जाळला."

त्याने आधी शर्टाकडे पाहिलं, मग बाईंकडे. मग पायरी चढून वर आला, काउंटरवर कोपर टेकलं आणि वाकून डाग न्याहाळला.

"तुमच्याही हातून चुकतं होय?" त्याला हसू आवरेना. "असू द्या हो मोठ्या मावशी. वरून कोट घालतो, कोण बघतंय कॉलर."

मोठ्या मावशी. त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला, आणि तो पुसायला बराच वेळ लागला. अर्ध्या तासात उरकलेला तो तिसरा धडा त्यांना आता कुठे समजत होता.

"मुलीला कशात बक्षीस मिळालंय?" त्यांनी विचारलं. आणि तो सांगत सुटला.

दुसऱ्या दिवशी गॅरेजवाल्याने गल्लीभर बोभाटा केला. जो तो कॉलर कशी जळली ते ऐकायला येऊ लागला, आणि येताना रिकाम्या हाताने कसं यायचं म्हणून चार कपडे घेऊन येऊ लागला. दाढ काढून, गाल सुजवून धाकटी चौथ्या दिवशी दुकानात आली, तर काउंटरला तिघेजण कोपर टेकून उभे आणि आत आक्का हसतेय.

"काय केलंस तरी काय?" तिने सुजल्या गालानेच विचारलं.

"काही नाही गं," बाई म्हणाल्या. "एक शर्ट जाळला."

धाकटीने कमरेची दुसरी किल्ली सोडवून बहिणीच्या हातावर ठेवली. "उद्यापासून सकाळी शटर तू उघड," ती म्हणाली, "मला जरा झोपू दे."