तिची वेणी कोण घालणार?

माझ्या नवऱ्याला आफ्रिकेत, अबिसिनियात मास्तरकी मिळाली, तेव्हा आमच्या ओळखीच्या निम्म्या लोकांनी तो देश नकाशात शोधला आणि उरलेल्यांनी शोधल्यासारखं केलं. पन्नाशीच्या दशकातली ती शेवटची वर्षं. त्या देशाला गणित आणि विज्ञान शिकवणारे शिक्षक हवे होते आणि मद्रासकडचे बरेच पदवीधर तिकडे निघाले होते. आमचे हे त्यांतलेच एक. पगार चांगला होता, राहायला घर मिळणार होतं, पण गाव पडलं राजधानीपासून लांब डोंगरात. आमच्या मुलीला घेईल अशी शाळा तिथे नव्हती.

मुलगा दोन वर्षांचा, तो कडेवर बसून कुठेही आला असता. मुलगी नऊ वर्षांची. सासूबाई आमच्याजवळ राहायच्या, पण आम्ही निघाल्यावर त्या तंजावरला माझ्या नणंदेकडे जाणार होत्या. म्हणजे मुलीला मद्रासमध्ये ठेवायचं तर एखाद्या खासगी शाळेच्या वसतिगृहातच. मी ह्यांना सांगून टाकलं होतं की मनासारखी शाळा मिळाली नाही, तर मी मुलांना घेऊन इथेच राहीन, तुम्ही एकटे जा. करार तीन वर्षांचा होता. बोलले रागाने, पण जे बोलले ते खरं होतं आणि ह्यांनाही ते ठाऊक होतं.

मी साताऱ्याची. आमच्या गावची शाळा लाकडाच्या वखारीत भरायची. लग्न होऊन मद्रासला आले ती तंजावरच्या मराठी घरात, आणि सासरची मराठी ऐकून पहिले सहा महिने मला वाटायचं, ही माणसं एखाद्या बखरीतून उठून आली आहेत आणि वाटेत तमिळ शिकली आहेत. सासूबाई तर भांडायच्यासुद्धा पेशव्यांच्या दरबारात उभ्या असल्यासारख्या. त्यांचं सगळ्या जगाशी वाकडं, फक्त नातीशी सरळ. आणि नातीच्या केसांवर तर त्यांचा भारी जीव.

केस होतेच तसे. दाट, काळेभोर, कमरेच्या खाली. दर शुक्रवारी सासूबाई तिला तेल चोळून न्हाऊ घालायच्या, शिकेकाईने धुवायच्या, मग उदाच्या धुरावर केस धरायच्या. वेणी मात्र मी घालायची. रोज सकाळी दोन पाट, पुढे ती, मागे मी. ती चुळबुळ करायची आणि मी तिच्या डोक्यावर टपली मारून म्हणायची, "हलू नकोस." आमच्या घरातला दिवस ह्या दोन शब्दांनी सुरू व्हायचा.

शाळांची माहिती घरात आली तेव्हा हे पाटावर बसून वाचायला लागले. कुठे पियानो, कुठे टेनिस, कुठे विज्ञानाची वेगळी खोली. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि माझ्याकडे वळल्या.

"इंग्रजी अस्की शिकवतील गे ते," त्या म्हणाल्या. अस्की म्हणजे त्यांच्या बोलीत सगळं. "पोरीची वेणी कोण घालील? तें विचारून ये."

हे हसले. मीही हसले. पण रात्रीचे तांदूळ निवडायला बसले तेव्हा हात थांबला. पोरीला ताप आला तर डॉक्टर असेल, भूक लागली तर जेवण असेल. रोज सकाळी उठून तिच्या डोक्याला हात कोण लावणार, हे मात्र कुठल्याच कागदावर नव्हतं.

पहिली शाळा ख्रिस्ती जोगिणींची. मी आयुष्यात एवढी मोठी इमारत फक्त सरकारी पाहिली होती. लाल विटांच्या कमानी एकीपुढे एक अशा निघालेल्या, की शेवटची कमान बोटाएवढी दिसत होती. जमिनीत आपलं तोंड दिसत होतं. जिन्याच्या लाकडी कठड्यावर हात ठेवायचं मला धाडस होईना. शेकडो मुली होत्या आणि आवाज नव्हता. वखारीत शिकलेल्या बाईला हे देवळात गेल्यासारखं वाटलं. मी चप्पल बाहेर काढून आत गेले आणि हे कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "अगं, घाल ती."

मुख्य जोगीण गोरी, उंच आणि वागायला फार चांगली होती. ह्यांनी अभ्यासाचं विचारलं. मग मी कोपराने ढोसलं तेव्हा कसंबसं केसांचं विचारलं. त्या हसून म्हणाल्या की वसतिगृहातल्या मुलींचे केस कानापर्यंत कापतात, म्हणजे प्रश्नच उरत नाही. मुलगी माझ्या शेजारी बसली होती. तिने वेणी हळूच पुढे घेतली आणि दोन्ही हातांत धरून ठेवली. आम्ही आभार मानून उठलो.

दुसरी शाळा अड्यारला. तिथे तर शाळा कुठे आणि रान कुठे तेच कळेना. वडाच्या पारंब्यांखाली वर्ग भरलेले, एक बाई गवतावर बसून भूगोल शिकवत होत्या आणि मुलं त्यांच्याभोवती लोळून ऐकत होती. मी ह्यांचा हात दाबला. असंही शिकतात, हे मला कुणी सांगितलं असतं तर मी खोटं म्हटलं असतं. जेवण शाकाहारी, माणसं हळू बोलणारी, समुद्राचा वारा. ह्यांचा चेहरा उजळला. केसांचंही उत्तर तयार होतं. मुलींच्या वेण्या घालायला एक आया ठेवलेली होती. ती आम्ही पाहिलीही. मुली एकीमागे एक उभ्या राहायच्या, आया फणी फिरवायची, तीन पेड ओढायची, रिबीन बांधायची आणि पुढचीला खूण करायची. काम चोख. कुणी कुणाशी बोलत नव्हतं.

"झालं, मिटलं," हे बाहेर आल्यावर म्हणाले.

"नाही मिटलं," मी म्हणाले.

"आता काय राहिलं?"

ते मला सांगता येईना, आणि सांगता येत नाही म्हणून मी आणखी चिडले. बसमध्ये आम्ही दोघं दोन दिशांना बघत घरी आलो. बोटीची तिकिटं ठरायची वेळ झाली होती. त्या आठवड्यात हे एकट्याच्याच सामानाची यादी तोंडाने म्हणायला लागले, मला ऐकू जाईल अशा आवाजात.

तिसऱ्या शाळेबद्दल ह्यांच्या कॉलेजातल्या एकांनी सांगितलं. सांथोमकडे, समुद्राजवळ एक जुना बंगला. लग्न न केलेल्या एक तमिळ बाई ती शाळा चालवायच्या. शनिवारी सकाळी भेटायला बोलावलं होतं. आता आमच्या ह्यांची एक खोड अशी, की गाडी दहाची असली तर हे आठपासून फलाटावर. त्या दिवशीही आम्ही इतक्या लवकर पोचलो की फाटक उघडणारा म्हातारा आमच्याकडे संशयाने बघायला लागला. बंगल्याचा रंग उडालेला, अंगणात वाळू. पियानो नव्हता, पारंब्या नव्हत्या. हे घड्याळ बघत म्हणाले, "पाहून तर जाऊ." म्हाताऱ्याने वर बोट दाखवलं. बाई गच्चीवर होत्या.

जिना चढताना आधी वास आला. शिकेकाईचा आणि उदाचा. आमच्या घरचा शुक्रवारचा वास, इथे शनिवारी. मग वर डोकं काढलं आणि मी शेवटच्या पायरीवर तशीच उभी राहिले.

गच्चीभर मुली बसल्या होत्या, एका मोठ्या गोलात, तोंडं एकाच दिशेला. प्रत्येकीचे हात पुढच्या मुलीच्या केसांत, आणि तिच्या केसांत मागच्या मुलीचे हात. सोळा वर्षांच्या थोराड मुली, सात-आठ वर्षांच्या चिमण्या, कशाही मिसळलेल्या. एक एवढीशी पोरगी गुडघ्यांवर उभी राहून पुढच्या उंच मुलीची वेणी घालत होती. तमिळ, तेलुगू, मल्याळम, इंग्रजी, जिला जे येईल ते चाललं होतं. समुद्रावरून वारा येत होता आणि सुटे केस उडत होते. मी पहिली मुलगी शोधायला लागले. पहिली नव्हतीच. मग शेवटची शोधली, जिच्या मागे कुणी नाही ती. तीही नव्हती. लाल कमानी पाहून मी दबले होते, वड पाहून हरखले होते, पण हे पाहून मला हात जोडावेसे वाटले, आणि कुणापुढे जोडावेत ते कळेना.

बाई शेजारी येऊन उभ्या राहिल्या. जाड चष्मा, पांढरी साडी. तमिळमध्ये म्हणाल्या, "आधी मी त्यांना रांगेत बसवायची. मग रोज शेवटच्या मुलीवरून भांडण. एक दिवस मुलींनीच रांगेचं टोक उचललं आणि सुरुवातीला नेऊन जोडलं. मला विचारलंही नाही."

तेवढ्यात एका मुलीने आमच्या मुलीला हाक मारली, "इंगे वा." इकडे ये. दोघी सरकल्या, मधे जागा झाली. आमची जाऊन बसली. मागचीने तिची मी सकाळी घट्ट घातलेली वेणी भराभर सोडली आणि फणी घेतली. पुढे ती एवढीशी पोरगी आली, केस मोकळे. आमच्या मुलीने हात वर केले आणि ते तिथेच राहिले. तिने माझ्याकडे पाहिलं.

तिला वेणी घालता येत नव्हती. कशी येणार? रोज मीच घालायची. मी 'कोण घालील' म्हणून तीन शाळा पालथ्या घातल्या होत्या, आणि तिनेही कुणाची तरी घालायची असते हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं. मी पुढे झाले. बाईंनी माझ्या दंडाला हलकेच हात लावला.

मागच्या मुलीने आपलं काम थांबवलं. तिने आमच्या मुलीच्या दोन्ही खांद्यांवरून हात पुढे घेतले, तिच्या हातांवर ठेवले आणि चार हातांनी तीन पेड धरले. एकदा इकडून, एकदा तिकडून. मग हात काढून घेतले. पुढचं आमची एकटी करू लागली. पेड निसटायचे, ती पुन्हा धरायची. एकेक करून बाकीच्या वेण्या पुऱ्या झाल्या, पण कुणी उठलं नाही. त्या गच्चीचा नियम होता, सगळ्यांची होईपर्यंत कुणी उठायचं नाही. उन्हं चढली. अख्खं रिंगण माझ्या मुलीसाठी बसून होतं, गप्पा मारत, आणि एकीनेही तिला घाई केली नाही. शेवटी त्या चिमणीने मागे हात नेऊन ती सुंभासारखी वेणी चाचपली, मान डोलावली आणि मगच सगळ्या उठल्या.

मी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांचे डोळे भरले होते. घड्याळ बघायचं ते विसरले होते. "सरि," ते म्हणाले. ठीक. वाद तिथे संपला.

सासूबाईंना मात्र शनिवार पसंत पडला नाही. शनिवार म्हणजे पुरुषांच्या न्हाण्याचा वार. मग विचारलं, "कोणाकोणाचे हात लागतील गे पोरीच्या डोक्यास?" त्यात जातीचाच प्रश्न होता. मी म्हटलं, "सगळ्यांच्याच हाताला तेल होतं, एवढंच दिसलं मला." दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर सासूबाई पाटावर पाठमोऱ्या बसलेल्या आणि नात मागे. डोक्यावर पांढरे केस मूठभरही नव्हते. "ओढ, ओढ," त्या म्हणत होत्या, "डोकें माझंच आहे." निघेपर्यंत रोज आमच्या दोघींची डोकी तिच्या ताब्यात होती. मला तर दिवसातून तीनदा बसावं लागायचं.

तिला शाळेत सोडलं तो बुधवार होता. शनिवारी संध्याकाळी आमची मुंबईची गाडी, तिथून बोट. त्याच दिवशी सकाळी निरोप घ्यायला गेलो. सामान बांधण्याच्या गडबडीत मी न्हाऊन ओल्या केसांची गाठ मारून तशीच निघाले होते. हे मुलाला घेऊन खाली थांबले. मी वर गेले. रिंगण बसलं होतं. मुलीने मला पाहिलं, पुढे जागा केली आणि म्हणाली, "आई, बस."

मी बसले. माझ्या पुढे तीच चिमणी आली. मी तिचे केस हातात घेतले आणि मागून माझी गाठ सुटली.

मला तिला पुष्कळ सांगायचं होतं. दहीभात टाकू नकोस, रात्री पांघरूण घे, आजीला पत्र लिही. ते सगळं बोलायला मी मान वळवली, तर मागून डोक्यावर टपली बसली.

"हलू नकोस."

मग मी हलले नाही. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, त्या पुसायलाही हात मोकळे नव्हते. तिची बोटं मानेपासून खाली खाली जात होती, सावकाश, न चुकता. मला एवढा अभिमान आणि एवढं दुःख एकाच वेळी कधी झालं नव्हतं. शेजारच्या मुलींच्या वेण्या झाल्या. माझीही झाली, तिने टोकाला रिबीन बांधली. फक्त माझ्या पुढच्या चिमणीची शेवटची गाठ मारायची राहिली होती. ती मारली की सगळ्यांनी उठायचं.

मी ती वेणी मुळापर्यंत सोडली आणि पुन्हा पहिल्या पेडापासून घालायला घेतली. माझी मुलगी माझ्या पाठीवर हात ठेवून बसून राहिली. अख्खं रिंगण माझ्यासाठी थांबलं, आणि कुणीही मला घाई केली नाही.