फुटलेल्या पेशी

ग्वाल्हेरच्या आमच्या प्रयोगशाळेत मी कुणावरच विश्वास ठेवत नसे, जिवाणूंवर तर मुळीच नाही. जिवाणू आपलं प्रथिन आवरणातल्या बारीक दारांतून बाहेर सोडतो, की फुटून मरतो आणि आतलं सगळं सांडतं, हे वरवर पाहून कळत नाही. म्हणून बाहेरच्या द्रवात मी मुद्दाम असंही एक प्रथिन शोधायची, जे धडधाकट पेशीतून कधी बाहेर पडत नाही. ते सापडलं, की समजायचं पेशी फुटल्यात.

त्या महिन्यात ते दर वेळी सापडत होतं. माझा संशय बिर्ला नगरहून येणाऱ्या ज्युनिअरवर. हीच नळ्या आदळत असणार, हे मी ठरवूनच टाकलं. आठवडाभर तिच्या मागे उभी राहिले. तिचं काहीच चुकत नव्हतं, याचाही मला राग आला.

शेवटी तीच म्हणाली, "ताई, बुरा मत मानना, पण संध्याकाळी नळ्या डीप फ्रीझरमध्ये कोण ठेवतं?"

मीच ठेवायची, कुणी हात लावू नये म्हणून, द्रवातून पेशी वेगळ्या करण्याआधीच. गोठून पेशी तिथंच फुटत होत्या.

फ्रीझरला कुलूप होतं, आणि एकुलती एक किल्ली माझ्या गळ्यात.