बुड्याची होडी

नावाड्याला लोक बुड्या म्हणत. धंद्याला हे नाव अगदीच अपशकुनी; पण लहानपणी तो पाण्याखाली इतका वेळ राहायचा की आईने दोनदा रडून घेतलं होतं. एरवी चाळीस वर्षांत त्याच्या होडीतून कोणाची चप्पलसुद्धा वाहून गेली नव्हती.

लढाई पेटली आणि गोऱ्या साहेबाचा हुकूम आला: शत्रू नदीतून वर आला तर त्याला होडी मिळता कामा नये, सगळ्या फोडा. घाटावर अकरा होड्या फुटल्या. बारावी बुड्याची, त्याच्या बापाने बांधलेली. ती त्याने आदल्याच दिवशी दगड भरून वळणाच्या डोहात बुडवली आणि होड्या फोडायला आलेल्या जमादाराला सांगितलं, "वाहून गेली, साहेब." उन्हाळ्यात फळ्या तडकू नयेत म्हणून नावाडी होड्या बुडवून ठेवतात, हे त्या शहरी शहाण्याला काय ठाऊक! पण संशय त्यालाही होताच. त्याने वळणावरच तंबू ठोकला.

आणि नदी आटू लागली. रोज बोटभर. नवव्या दिवशी होडीच्या पुढच्या उंच टोकावर जेमतेम दोन बोटं पाणी उरलं. सापडली तर होडी जाणार, वर तुरुंग.

"अहो, उद्या-परवा दिसेल ती," बायको म्हणाली.

"टोक हातभर कापतो. नदी भरेपर्यंत निभेल."

भर दुपारी जमादार जेवून लवंडल्यावर बुड्या करवत घेऊन उतरला. बापाने तासलेलं ते लाकूड तो बुड्या मारमारून कापत राहिला. अकराव्या बुडीला टोक सुटलं आणि सरळ वर गेलं. लाकूड तरंगतं, हे जन्मभर लाकडावर जगलेला माणूस विसरला होता!

तो वर आला तेव्हा जमादार काठावर उभा. टोक त्याच्या बुटांपाशी हेलकावत होतं.

"हे काय?"

बुड्याने करवत पाण्याखालीच सोडून दिली. काठावर भांडी घासत बसलेली बायको पुढे झाली. तिने टोक उचललं आणि करवतीचा ताजा काप कमरेशी दाबून धरला.

"सरपण, साहेब. त्यासाठीच ह्यांना पाण्यात उतरवलं. होड्या फोडल्यापासून नदीत दुसरं काय वाहतंय?"

"मग जाळ. इथेच, माझ्यासमोर."

तिने तीन दगड मांडले, पाचोळा पेटवला आणि काप विस्तवात खुपसला. ओलं लाकूड धुमसत राहिलं, ती फुंकत राहिली. निखारे होईपर्यंत जमादार हलला नाही. मग मान झटकून तंबूत गेला.

"इतकं घट्ट कसं गं धरलंस ते?" बुड्याने हळूच विचारलं.

"नवरी म्हणून ह्या होडीतून आले तेव्हा ह्याच टोकाला धरून बसले होते," ती म्हणाली. "वाटभर सोडलं नव्हतं."