‘अहो’ नावाने आलेला व्हिडिओ कॉल

मैत्रिणींनो, आजचीच गोष्ट लिहिते.

दुपारी आतल्या खोलीत जरा आडवी झाले होते. फोन वाजला. स्क्रीनवर नाव होतं ‘अहो’.

हे जाऊन चार महिने झाले. त्यांचा टॅब हॉलमध्ये त्यांच्या खुर्चीवरच असतो. मी तो रोज चार्ज करते, ओल्या फडक्याने पुसते.

कॉल उचलला. समोर आमच्याच हॉलमधला पंखा फिरत होता. “कोण आहे?” मी विचारलं. बाहेर हॉलमधून माझाच आवाज ऐकू आला.

मी कॉल कापला आणि शेजारच्या शमीमला बोलावलं. आम्ही शाळेपासूनच्या मैत्रिणी. दोघी दारातून बघत होतो. कुणाचा हात नव्हता, तरी टॅबवर ह्यांचे-माझे फोटो एकेक करून सरकत होते.

“बोलावतायत गं मला.”

“गप की! याला चादरीचं कव्हर कुणी शिवलं?”

मीच. आमच्या जुन्या सोलापुरी चादरीचं. स्क्रीनवर चिकटवलेल्या काचेची कड उचलली होती. तिच्याखाली चादरीची तूस, ते बारीक सुटे धागे, साचून माझ्या फडक्याने ओली झाली होती. टॅबला तेच बोट वाटत होतं; त्यानेच कॉल लागला, फोटो सरकले. शमीमने टॅब बंद करून ती काच सोलून काढली, कोरड्या फडक्याने स्क्रीन पुसला. पुन्हा चालू केला, तर टॅब अगदी शांत.

तुमच्याकडे असं झालं तर आधी तेवढं करून बघा.

शमीम गेली. घर इतकं गप्प कधीच वाटलं नव्हतं.

ती काच मात्र टाकवेना. तूस अजून तिला चिकटून आहे. खरं सांगा, तुम्ही परत लावली असती का?